तीन चुलींचा पेढा

काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं आणि पेढा घोरत होता. साधंसुधं घोरणं नव्हे. मृदंगावर थाप पडली की त्याचं एक ‘घर्र’, टाळ थांबले की दुसरं. पुरुषमंडळी गालातल्या गालात हसत होती, बायका पदराआड. भागिरथीला मात्र हसू येत नव्हतं. मांडवावर पत्रे होते, पत्र्यांवर चैत्राचं ऊन, आणि हा गडी तिच्या सासऱ्यांच्या दोन पावलांमध्ये पोट पसरून पडला होता. आप्पासाहेब गळ्यात वीणा घेऊन उभे. सप्ताहात विणेकऱ्यानं जागा सोडायची नसते, आणि आप्पासाहेबांनी जागा सोडली नाही की पेढाही सोडत नसे.

पेढा म्हणजे पग जातीचं कुत्रं. अंगाचा रंग थेट दुधाच्या पेढ्याचा, तोंड मात्र पातेल्याच्या तळाला लागलेल्या खरवडीसारखं काळं. नाक असं की कुणी लहानपणी दारात चेंगरलं असावं. डोळे बाहेर आलेले, शेपटीची जिलबी, आणि कपाळावर घड्याच घड्या. जगाची सगळी काळजी देवानं याच्याच डोक्यावर दिल्यासारखा चेहरा. खरं तर त्याला काळजी एकच, पुढचा घास कुठल्या दारातून येतो.

तसा तो या घरचाही नव्हता. भागिरथीचे धाकटे दीर सुनील भिंगारला कॅन्टोन्मेंटात कारकून. तिथल्या एका साहेबांची दक्षिणेत थंड डोंगरावर बदली झाली, तेव्हा मॅडमनी ‘घर लागेपर्यंत सांभाळा’ म्हणून ही ठेव सुनीलच्या हवाली केली. घर केव्हाच लागलं. दर सणाला मॅडमचा फोन येई, “हमारा बेबी कैसा है? कब भेजोगे?” आणि सुनीलची बायको वृषाली सांगे, “मजे में है मॅडम, जरा अंगाने भर गया है.”

या वृषालीशी भागिरथीचा अबोला होता. सुकन्येच्या, म्हणजे भागिरथीच्या लेकीच्या साखरपुड्यात पंगत बसलेली. व्याह्यांनी आमटीचं कौतुक केलं आणि वृषाली भाकरी वाढता वाढता म्हणून गेली, “आमच्या जाऊबाईंची भाकरी असली की उशी लागत नाही. डोकं टेकलं की झोप.” व्याही इतके हसले की त्यांना उचकी लागली. दुसऱ्या दिवशी भागिरथीनं आपली परात, आपला तवा आणि आपला नवरा उचलला आणि ओसरीच्या पलीकडच्या खोलीत वेगळी चूल मांडली. सासूबाई, बनुबाई, मध्यस्थीला गेल्या. दोन्ही सुनांनी त्यांचं दोन-दोन तास ऐकून घेतलं आणि आपलंच खरं केलं. तेव्हा त्या म्हणाल्या, “मी कुनाच्याच दारात ताट घिऊन बसायची न्हाई,” आणि त्यांनी तिसरी चूल पेटवली. छप्पर एक, गोठा एक, विहीर एक. सोपान आणि सुनील हे भाऊ तर गोठ्यात एकाच किटलीतला चहा पीत. धूर तेवढा तिघींचा निराळा.

तरी घर म्हटलं की निरोप आलेच. ते पेढ्यामार्फत जात.

“पेढ्या, तुझ्या मालकिणीला सांग, वाळवणावर कोंबड्या चढल्यात.”

“पेढ्या, मोठ्या आईला सांग, कोंबड्या त्यांच्याच आहेत.”

पेढा मधे बसून एकदा इकडं बघे, एकदा तिकडं, आणि फुस्सकन शिंके. निरोप पोचला असं दोघी धरून चालत.

महाराजांनी टाळकऱ्यांना हात केला. मांडव शांत झाला. महाराज पाथर्डीकडचे, आवाज असा की माइक नसता तरी चालला असता. मागच्या सप्ताहात त्यांनी जी कथा सांगितली होती, तीच लोकांनी यंदा मागून घेतली होती.

“माउली, कुत्र्यानं भाकरी पळवली,” महाराज म्हणाले. “तुमी-आमी काय उचललं आसतं?”

“दगड!” मांडव ओरडला.

“आन् त्या संतानं काय उचललं?”

“तुपाची वाटी!”

“तुपाची वाटी! आन् धावले की मागं. धोतराचा सोगा सुटला, भान न्हाई. म्हनत काय हुते? अरे माझ्या देवा, कोरडी नगं खाऊ रे, घशाला लागंल! थांब, तूप लावून देतो!” महाराजांनी डोळे मिटले. “ज्याला कुत्र्यात देव दिसला, त्याला देवळात शोधाया जावं लागत न्हाई.”

भागिरथीचे डोळे भरून आले. या मांडवात ऐकणारे पुष्कळ, पण करणारी मी एकटी, असा एक गोड विचार तिच्या मनात येऊन गेला. डोळे पुसता पुसता तिनं पाहिलं, तर सासूबाईही पदरानं डोळे टिपत होत्या आणि त्यांच्या तोंडावर नैवेद्य पावल्यासारखं समाधान. पलीकडं वृषालीही मान खाली घालून स्वतःशीच हसत होती. आणि आप्पासाहेबांची वीणा कधी नव्हे ती जोरात झंकारली. चौघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. तो एकच का होता, हे त्या घटकेला चौघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

हंडी फुटली. दही-लाह्यांचा सडा पडला, पोरं तुटून पडली, जयजयकार झाला. दह्याचा वास आला तसा पेढा उठला. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला त्याचे चारही पाय चार दिशांना गेले आणि तो जाजमावर आपटला. जीभ बाहेर आली. ती लाल नव्हती. जांभूळ खाल्ल्यासारखी होती.

“पेढा पडला! अरे, पेढा पडला!” आप्पासाहेब ओरडले. पण गळ्यात वीणा. ती खाली ठेवता येत नाही, टाकता येत नाही. “कुनी तरी वीणा घ्या रं! माझ्या गळ्यातनं वीणा घ्या!”

भागिरथी कधी उठली ते तिलाही कळलं नाही. भर मांडवात पुरुषांच्या दोन रांगा ओलांडून ती गेली. तिच्या सगळ्या जन्मात असं झालं नव्हतं. तिनं पेढ्याला उचललं. भाजलेल्या कणसासारखं अंग, आणि वजन कांद्याच्या गोणीचं.

“अगं, हात नगं लावू!” बनुबाई मागून धावत आल्या. “काल्याच्या दिवशी समाधी लागली त्याला!”

“आत्याबाई, समाधीत जीभ निळी होत न्हाई!”

टाकीपाशी कडुलिंबाची सावली होती. तिथं फरशीवर त्याला आडवा करून भागिरथीनं तांब्यावर तांब्या ओतायला सुरुवात केली. सप्ताहासाठी नेसलेलं नवं लुगडं चिंब झालं. एवढ्यात पलीकडून कुणी तरी गुडघे टेकले आणि पत्रावळीनं वारा घालू लागलं. बघते तर वृषाली.

“पेढ्या, सांग त्यांना, पोटावर ओता, पायांवर ओता, नाकात पाणी जाईल!”

“पेढ्या, सांग तिला, वारा घालायचा तर गप घाल!”

पेढ्यानं यातलं काही सांगितलं नाही. त्याचं पोट भात्यासारखं वर-खाली होत होतं, आणि दर वेळी मधे जरा जास्तच थांबत होतं. दोघींचे हात थांबले नाहीत.

सुनीलनं फोन लावला होता. भिंगारहून डॉक्टर स्नेहल स्कूटीवर आली, हेल्मेट न काढताच तिनं पेढ्याच्या छातीला नळी लावली. सुई टोचली. तोंड उघडून घसा पाहिला. मांडवात पंगतीची पानं पडायची ती तशीच राहिली. मग पेढ्यानं एक मोठा, भरघोस, नेहमीचा ‘घर्र’ काढला आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘रामकृष्णहरी’ म्हटलं.

“पाणी कुणी ओतलं?” डॉक्टरनं विचारलं.

“मी,” भागिरथी म्हणाली.

“म्हणून हा आहे,” डॉक्टर म्हणाली आणि हेल्मेट काढलं. “आता मला सांगा, याची ही दशा कुणी केली?”

ओसरीवर बैठक बसली. पेढा मधोमध ओल्या गोणपाटावर, औषधाच्या गुंगीत. आप्पासाहेबांच्या गळ्यातली वीणा एकदाची दुसऱ्यानं घेतली होती, ते खांबाला टेकून बसले. महाराजांच्या हातात चहाचा कप. निघायची घाई होती, पण असं कीर्तन सोडून कोण जाईल?

डॉक्टरनं कापसाचा बोळा पेढ्याच्या कपाळाच्या घडीतून फिरवला. बोळा राखाडी झाला, आणि घडीतून लालभडक कातडी दिसली.

“हे काय आहे?”

“उदी,” बनुबाई म्हणाल्या. “शिर्डीची. दर बेस्तरवारी लावती मी. देवानंच त्याच्या कपाळाला गंधाच्या रेघा वढल्यात, बघ की. मोकळं कपाळ बरं न्हाई दिसत.”

“आजी, या रेघा नाहीत, घड्या आहेत. यांत काही साठलं, ओल राहिली, की आत कुजतं. रोज पुसून कोरड्या ठेवायच्या.”

“मग उदी?”

“उदी तुम्ही लावा. तो तुमच्या पायाशी बसेल, तेवढं त्याला पुरे.”

बनुबाईंनी महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी मान डोलावली, तेव्हा कुठं त्यांना ते पटलं.

“घोरतो किती दिवस?”

“घोरत न्हाई बाई त्यो,” आप्पासाहेब पुढं सरकले. “जप करतो. श्वास घेताना एक नाम, सोडताना एक. मी नीट आयकलंय.”

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा राग जरा उतरला. तिनं पेढ्याच्या डोक्यावर हात ठेवला. “आप्पा, तो जप नाही. श्वास मिळावा म्हणून धडपड आहे. या जातीचं मूळ चीनमधलं. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या राजवाड्यात यांना पाळायचे. शिकारीला नाही, राखणीला नाही, फक्त मांडीवर बसायला. मग व्यापाऱ्यांच्या जहाजातून विलायतेला गेले, तिथल्या राण्यांच्या मांडीवर बसले. लोकांना चपटं तोंड आवडायचं, म्हणून चपट्याशी चपट्याचीच जोडी लावत गेले. पिढ्यान्‌पिढ्या. नाक आत गेलं, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. चार खोल्यांचं सामान एका खोलीत कोंबलं तर दार उघडेल का? तसं याच्या घशाचं झालंय. कुत्र्याला आपल्यासारखा घाम नाही. धापा टाकून अंग गार करतात. याला धड धापाही टाकता येत नाहीत. त्यात हे डोळे, जरा काडी लागली की जखम. आणि माणसाशिवाय राहवत नाही, म्हणून उन्हात तुम्ही जिथं, तिथं हा.”

“राजाच्या मांडीवरचं म्हना की,” सोपान म्हणाला. भागिरथीचा नवरा एरवी दिवसात चार वाक्यं बोलायचा, त्यातलं हे दुसरं.

“तिबेटच्या मठांतही असायचे म्हणतात,” डॉक्टर म्हणाली.

“बघा!” बनुबाईंनी मांडीवर थाप मारली. “मठातला हाय! मी पयल्या दिशीच म्हनले हुते, ह्यो साधू हाय म्हनून!”

“साधूचं वजन करू,” डॉक्टर म्हणाली.

कांद्याचा वजनकाटा आणला. गोणपाटासकट पेढ्याला त्यावर ठेवलं, गोणपाटाचं वजन वजा केलं. आठ किलोचा गडी चौदा भरला. सुनीलनं काटा बिघडलाय का म्हणून त्यावर स्वतः उभं राहून पाहिलं, आणि गुपचूप उतरला.

“आता खरं सांगा. खातो काय?”

“वाटीभर पॅकेटमधलं खाणं, दोन वेळा,” वृषाली ठसक्यात म्हणाली. “मॅडमनी सांगितलंय तसंच. तो माझ्याकडंच जेवतो.”

“बाकी काही नाही?”

“नाही. म्हणजे शेवटची भाकरी. ती तर घरची रीत आहे.”

रीत होती खरी. तव्यावरची पहिली भाकरी गाईची आणि परातीत उरल्यासुरल्या पिठाची शेवटची कुत्र्याची. पूर्वी वाघ्या होता. चुली तीन झाल्यावर त्याला तीन भाकरी मिळू लागल्या आणि त्यानं त्या उसात रानडुकरांमागं धावून जिरवल्या. संक्रांतीला वाघ्या म्हातारपणानं गेला. त्याचा हक्क सातबाऱ्यावर वारस लागावा तसा आपसूक पेढ्याकडं आला. पेढ्याचं धावणं मात्र उशीपासून दारापर्यंत.

“माझी भाकरी पातळ असते,” वृषाली पुढं म्हणाली. “वर जरासं तूप.”

भागिरथीनं झटकन मान वळवली. “तूप?”

“तूप तर मी घालती!” बनुबाई म्हणाल्या. “दुधात कुस्करून, वर तूप. त्यो जेवतो माझ्याकडं!”

“तुमच्याकडं?” भागिरथी उभीच राहिली. “आत्याबाई, तांबडं फुटायच्या आदी त्यो माझ्या उंबऱ्यावर नखं घासतो. माझ्याकडची भाकरी खाल्ल्याबिगर त्याला चैन पडत न्हाई. उपाशी आसतो बिचारा!”

“उपाशी!” वृषाली म्हणाली.

पेढ्यानं झोपेत जिभल्या चाटल्या.

“तुमची भाकरी दाखवा,” डॉक्टर भागिरथीला म्हणाली.

भागिरथीचा पाय उचलेना. पण डॉक्टरनं हात पुढं केलेला. तिनं आतून सकाळची भाकरी आणली. डॉक्टरनं ती हातात तोलली, उलटी केली, बोटांनी जाडी मापली. साखरपुड्यातला तो शब्द अख्ख्या गावाला पाठ होता. सगळ्यांचे डोळे वृषालीकडं लागले. वृषाली छताच्या वाशांकडं बघत होती, आणि ओठ तिनं असे मिटले होते की पार पांढरे पडले. पण बोलली नाही. भागिरथीनं ते पाहिलं.

“ही दोनच्या हिशेबात धरते,” डॉक्टर एवढंच म्हणाली. “आप्पा, तुम्ही?”

“मी भाकरी दिली न्हाई,” आप्पासाहेब म्हणाले. “माझं काई न्हाई त्यात.”

“मग काय दिलं?”

आप्पासाहेबांनी उपरणं सारखं केलं. “नुसतं तूप. वाटीत. देवपूजा झाली की.”

महाराजांनी कप खाली ठेवला. “आन् हे तूप तुमाला कुनी शिकवलं?”

सगळी ओसरी फक्त महाराजांकडं बघत राहिली. महाराजांचा चेहरा हळूहळू उतरला.

“आवो, पन माउली,” ते काकुळतीनं म्हणाले, “त्या कथेत कुत्रं एक हुतं, भाकरी एक हुती, आन् संत बी एकच हुते! हितं कुत्रं एक आन् संत चार!”

हशा पिकला. डॉक्टर मात्र हसली नाही. “या उन्हाळ्यात आणखी एकदा असं झालं तर माझ्या सुईनं काही होणार नाही. याला एका हातानं जेवण, मोजून. तूप बंद. पहाटे गारव्यात थोडं चालणं. चार हात असतील त्या घरात हा जगायचा नाही. दुसरं घर बघा.”

हशा जागच्या जागी विरला.

“घर आहे,” वृषाली म्हणाली. आवाज चिरकला होता. “मॅडम तर मागतातच आहेत. तिथं थंड आहे, एकट्याच असतात. परवा साहेबांचा माणूस गाडी घेऊन जातोय. मी करते फोन.” आणि ती उठून आपल्या खोलीत गेली.

भागिरथी तिथंच उभी राहिली, हातात भाकरी घेऊन. पेढा तिचा नव्हता. कुठल्या तोंडानं अडवणार? सुकन्या सासरी गेली, मुलगा हर्षल पुण्याला. पहाटे चुलीपुढं बसलं की भाकरीची थाप ऐकायला एकच जीव येऊन बसायचा. मान तिरकी करून, कपाळाला आठ्या घालून, एकेक थाप कीर्तनासारखी ऐकायचा. तिनं त्याला काय काय सांगितलं होतं! आणि तो गेला, तर वृषालीशी भांडायचं तरी कुणामार्फत?

ती वाकली. “पेढ्या,” सवयीनं म्हणाली, “तुझ्या मालकिणीला सांग...”

पेढा गाढ झोपला होता.

मग भागिरथी स्वतः निघाली. ओसरी ओलांडली. सव्वा वर्ष ज्या दाराकडं पाठ करून कणगीतलं धान्य काढलं, त्याच्या उंबऱ्यावर आली. बनुबाईंनी सुनीलच्या दंडाला चिमटा काढला. सोपाननं विडी पेटवायची राहू दिली.

आत वृषाली फोन कानाला लावून भिंतीकडं तोंड करून उभी.

“ठिव त्यो फोन,” भागिरथी म्हणाली. “वृषाली. ठिव.”

वृषाली वळली. तिचे डोळे पेढ्याच्या डोळ्यांएवढे झाले.

“माझी भाकरी जाड आसती,” भागिरथी म्हणाली.

“जाऊबाई...”

“आसती. माझ्या आईची बी जाड हुती. तू खोटं न्हवती बोलली. पन व्याह्यांम्होरं बोललीस, ते लागलं.”

“मला वाटलं सगळे हसतील, तुम्हीही हसाल.” वृषालीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “तुम्ही नाही हसलात तेव्हाच कळलं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही परातच उचललीत. माझं बोलायचं राहूनच गेलं.”

“दोघीच आसतो तर हसले आसते मी.”

“हॅलो?” वृषालीच्या हातातून बारीक आवाज आला. “हॅलो, वृषाली? बेबी कैसा है?”

फोन लागला होता. दोघी त्याच्याकडं विंचू निघाल्यासारख्या बघत राहिल्या. मग वृषालीनं जावेकडं पाहिलं. भागिरथीनं मान अशी हलवली की कानातले डूल गालावर आपटले.

“मजे में है मॅडम,” वृषाली म्हणाली. “बस, जरा बारीक होनेवाला है. नहीं नहीं, गाडी मत भेजिए. उसका... उसका इधर इलाज चालू है.”

दोघी बाहेर आल्या तेव्हा ओसरीवरचे सगळे उगाच इकडंतिकडं बघत होते. महाराज तर छताचे वासे मोजत होते.

“डॉक्टर,” भागिरथी म्हणाली, “शेवटची भाकरी मोडता याची न्हाई. आत्याबाई मोडू द्यायच्या न्हाईत.”

“जीव गेला तरी,” बनुबाई म्हणाल्या.

“चतकोर द्या,” डॉक्टर म्हणाली. “तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण चतकोरच, आणि कोरडी. तिघींकडून चतकोर-चतकोर मिळून परत पाऊण नको.”

“तीन चुली, तर शेवटच्या भाकरी तीन,” भागिरथी म्हणाली आणि श्वास घेतला. “चूल एक झाली, तर एक.”

ओसरीवरच्या सगळ्या माना बनुबाईंकडं वळल्या.

“कुत्र्यासाठी?” बनुबाईंनी विचारलं.

“कुत्र्यासाठीच. दुसरं काई न्हाई.”

“दुसरं काहीच नाही,” वृषाली म्हणाली.

“मग चूल माझी,” बनुबाई लगेच म्हणाल्या.

“धुराजवळ त्याला अजिबात नेऊ नका,” डॉक्टर बॅग आवरता आवरता म्हणाली.

“म्हणजे माझा गॅस!” वृषाली म्हणाली.

“गॅस तुझा, परात माझी,” भागिरथी म्हणाली. “तुझ्या त्या ताटलीत पीठ मळलं तर निम्मं अंगावर येतं.”

“तवा माझा,” बनुबाई म्हणाल्या. “न्हाई तर मी हाये तिथं बरी हाय.”

सुनील काही तरी बोलायला तोंड उघडणार, तोच सोपाननं त्याला दंडाला धरून उठवलं. “चल गोठ्यात,” तो हळूच म्हणाला. “आपन बोललो तर बिघडंल.” ते त्याचं दिवसातलं तिसरं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत महाराजांची जीप पाथर्डीला निघाली. आदल्या दिवशीची पंगत, मग लोकांच्या गाठीभेटी, त्यांचा मुक्काम पडला होता. जीप वळणावर आली आणि महाराजांनी चालकाला थांबायला सांगितलं.

कच्च्या रस्त्यानं आप्पासाहेब चालले होते. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात पितळी वाटी, खाली धरलेली. आणि मागं पेढा. जन्मात जो उशीपासून दारापर्यंतच गेला, तो नाक वाटीकडं लावून, जिलबी हलवत, फुसफुसत, थांबत, पुन्हा निघत चालला होता.

“आप्पा,” महाराज जीपमधून ओरडले, “कथा उलटी झाली की! हितं तुमी म्होरं आन् कुत्रं मागं!”

“त्याबिगर हालतच न्हाई!” आप्पासाहेब न थांबता ओरडले. “रिकामी हाय वाटी! नुसता वास!”

दारात भागिरथी आणि वृषाली उभ्या होत्या, दोघींचे हात पिठाचे.

“जाऊबाई,” वृषाली म्हणाली, “वाटी खरंच रिकामी आहे?”

भागिरथीनं डोळे बारीक केले. रस्त्याच्या कडेला आप्पासाहेब जरा वाकले होते. पेढ्याची जीभ त्यांच्या बोटाला लागली होती, आणि शेपटीची जिलबी नको तेवढी खुशीत होती.

“आप्पा!” दोघी एकदमच ओरडल्या आणि पिठाच्या हातांनी धावत सुटल्या. आप्पासाहेबांनी ते पाहिलं आणि तेही पाऊल उचलून निघाले. पुढं वाटी, वाटीमागं पेढा, पेढ्यामागं दोघी जावा. महाराजांनी नकळत दोन्ही हात जोडले.

“अगं, तव्यावर भाकरी हाय!” बनुबाई आतून ओरडल्या. कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनीच ती उलथली. एकीनं मळून अर्धी थापली होती, दुसरीनं पुढं घेतली होती. मधे जाड, कडेला पातळ. अशी भाकरी काही फुगायची नाही, असं म्हणत बनुबाईंनी ती आचेवर धरली, आणि बघता बघता ती टम्म फुगली.